राग बरोबर, पत्ता चुकला

पत्र

ताई, मी फोंड्याचा, वय 47. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत आहे. बारा-तेरा वर्षं महिन्यातून तीन-चार वेळा विमानाने जातो. बहुतेक मुंबई, कधी हैदराबाद. एके काळी विमानात बसलो की बरं वाटायचं, आता आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो. उशीर नेहमीचाच. सीटला पैसे, खाण्याला पैसे, बॅग किलोभर जास्त भरली तर पैसे, आणि फोन केला तर माणूस मिळत नाही. मी त्यांच्या ‘खास’ प्रवाशांच्या यादीत आहे, त्याचा उपयोग शून्य. गेल्या महिन्यात आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मुंबईला न्यायचं होतं. मोपा विमानतळावरून रात्री 8.25 चं विमान. आधी 9.40 झालं, मग 10.50, आणि साडेअकराला रद्द. कारण काय, तर ‘ऑपरेशनल’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाबोळीहून जागा देतो म्हणाले. डॉक्टरांची वेळ सकाळची होती. मी काउंटरवरच्या मुलीवर असा ओरडलो की लोक मोबाईल काढून शूटिंग करायला लागले. ती एवढंच म्हणाली, “दादा, हांव कितें करूं?” तिकिटाचे पैसे नंतर परत आले. पण घरी येताना गाडीत आई म्हणाली, “ती पोर आपल्या अनूच्या वयाची होती रे.” त्यानंतर आईने तो विषय काढलेला नाही आणि मला झोप नाही. चूक माझी की त्यांची? विमानाने जाणंच सोडू का?

— एक प्रवासी, फोंडा

(पत्र बरंच मोठं होतं, जागेपुरतं कमी केलं आहे. नाव बदललं आहे.)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

चूक दोघांची आहे, पण दोन्ही चुका वेगळ्या आहेत. त्या एकात एक मिसळल्यामुळे तुम्हाला झोप येत नाही. कंपनीने तिकिटाचे पैसे घेतले, रात्री साडेअकरापर्यंत एका म्हाताऱ्या बाईला खुर्चीवर बसवून ठेवलं आणि नेलं नाही. वर, तुमचं काय देणं लागतं हेही सांगितलं नाही. ही त्यांची चूक. तो राग तुम्ही अशा माणसावर काढला जिच्या हातात विमान सोडणं, थांबवणं, काहीच नव्हतं. ही तुमची. आपल्या चुकीची लाज वाटली म्हणून त्यांची चूक माफ करायची नाही, आणि त्यांची चूक मोठी म्हणून आपली झाकायचीही नाही.

मी हे काठावर बसून सांगत नाही. पणजीत एका तिकीट एजन्सीत मी 22 वर्षं काउंटरमागे बसले आहे. लाल कार्बनची तिकिटं हाताने लिहायचो तेव्हापासून ते सगळं मोबाईलवर गेलं तोपर्यंत. एकदा एका कंपनीने ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी विमान रद्द केलं. एका गृहस्थांनी तिकिटाची पुस्तिका माझ्या तोंडावर फेकली. तिचा कोपरा भुवईला लागला. दुखलं थोडंच, पण समोरच्या रांगेतला एक माणूस खाली मान घालून आपल्या चपलेकडे बघत राहिला, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या गृहस्थांची आई गावी आजारी होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांचा राग खरा होता. पण माझ्या भुवईवर बसून तो कंपनीपर्यंत पोचलाच नाही. मी जखमेला हळद लावली, कंपनीने पुढच्या आठवड्यात आणखी एक विमान रद्द केलं.

काउंटरवरची मुलं-मुली बऱ्याच ठिकाणी विमान कंपनीची नसतातच. ग्राउंड हँडलिंगच्या, म्हणजे विमानतळावरची कामं घेणाऱ्या, ठेकेदाराकडे ती पगारावर असतात. मोपाला तर पेडण्यातल्या, बार्देशातल्या घरची असतात. विमान का रद्द झालं हे त्यांनाही पडद्यावर तुमच्याच वेळी दिसतं. “हांव कितें करूं?” हे तिने तुम्हाला टाळायला म्हटलं नसणार. तिला खरंच विचारायचं असणार.

आता तुमच्या हक्काच्या पैशांकडे येते. पत्रात तुम्ही ते विचारलेलंच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त वाईट त्याचं वाटलं. बारा वर्षं उडणाऱ्या माणसालाही कोणी सांगितलेलं नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, एक नियम आहे. विमान रद्द होणार हे कंपनीने तुम्हाला किमान 24 तास आधी कळवलं नसेल, तर तिच्यापुढे दोनच रस्ते असतात. एक, तुम्हाला चालेल असं दुसरं विमान द्यायचं. ‘तुम्हाला चालेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या संध्याकाळचं, दुसऱ्याच विमानतळावरचं विमान तुम्हाला चाललं नाही. दोन, तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर भरपाई. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला 7,500, दोन तासांपेक्षा जास्त असेल तर 10,000. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. गोवा–मुंबई वेळापत्रकात तासापेक्षा जास्त दाखवतात, म्हणून तुम्ही मधल्या रकमेत बसता. तुमच्या तिकिटाचं मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 3,900 होत असतील तर 3,900 मिळतील, 7,500 नाहीत. तरी आई आणि तुम्ही मिळून ते दोनदा. तुम्हाला फक्त पहिली अर्धी रक्कम मिळाली. दुसरी अर्धी कोणीतरी मागेल याची कंपनी वाट बघते. बहुतेक जण मागत नाहीत.

त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असेल: अपरिहार्य कारण. नियमात तशी सूट आहे. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण (एटीसी), सुरक्षेचा धोका, संप, नैसर्गिक आपत्ती यांत भरपाई नाही, आणि ते योग्यच आहे. जुलैत मोपाच्या पठारावर ढग उतरले तर वैमानिकाने विमान उतरवू नये, असं मलाही वाटतं. पण ‘ऑपरेशनल’ हा शब्द त्या यादीत नाही. चालक दल वेळेत पोचलं नाही, विमान कमी पडलं, आदल्या फेरीचा उशीर साचत गेला, असं काहीही त्या एका शब्दाखाली घालता येतं. म्हणून विचारायचं ते एवढंच: रद्द होण्याचं नेमकं कारण लेखी कळवा. ईमेल करा, फोन नको. त्यात पीएनआर, तारीख, 8.25 पासून साडेअकरापर्यंत आलेल्या प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट, आणि पर्यायी विमान तुम्ही का नाकारलं ते एका ओळीत. भावनेचं एकही वाक्य घालू नका. आईचं नाव आणि वय मात्र घाला.

ईमेल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, जातो. त्याने दाद दिली नाही तर वरच्या अपील अधिकाऱ्याला. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असावे लागतात. तिथेही अडलं तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार टाका, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्याने तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठे आहे त्याने फरक पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. डॉक्टरांची चुकलेली वेळ, नंतर काढलेलं महाग तिकीट, टॅक्सीचं जाणं-येणं, हे डीजीसीएच्या नियमात बसत नाही. आयोगापुढे मांडता येतं. बिलं ठेवली आहेत ना? नसतील तर आज रात्री मोबाईलमधून शोधून एका फोल्डरमध्ये टाका. झोप येत नाही म्हणालात, तर हे काम घ्या.

रद्द होणं वेगळं, उशीर वेगळा. उशिराला रोख भरपाई नाही, हे कडू आहे, पण माहीत असलेलं बरं. गोव्याहून मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा अडीच तासांच्या आतल्या विमानाला दोन तास उशीर झाला की खाणं-पाणी द्यावं लागतं. सहा तासांच्या वर गेला तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल द्यावं लागतं. मी दाबोळीला पाहिलेलं आहे: दोन तास उलटून गेले होते, आणि एका ट्रॉलीवर बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या लहान बाटल्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. कोणी मागायला गेलं की द्यायचे. घोषणा नाही. एक आजोबा आपल्या पिशवीतली चपाती काढून कोरडी खात होते, ट्रॉलीपासून दहा पावलांवर. मी जाऊन दोन पुडे आणून त्यांच्या हातात दिले, तर “पैसे किती?” म्हणाले.

आणि एक गोष्ट, जी माझ्या जुन्या धंद्यातून मला माहीत आहे. तुमची मुंबई-हैदराबादची तिकिटं ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क काढत असेल. एजंट तिकिटात बहुधा स्वतःचाच मोबाईल नंबर घालतो. रद्द झाल्याचा मेसेज मग त्याच्याकडे जातो आणि तुम्ही वेर्ण्याहून मोपाला पोचता. शिवाय प्रवाशाने संपर्काचा नंबर नीट दिला नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे. पुढचं तिकीट हातात आलं की आधी आपला नंबर त्यात आहे का ते बघा. तेव्हाच विमानतळाचं नावही बघून घ्या. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. 2023 च्या जानेवारीत मोपाहून विमानं सुरू झाल्यापासून एका अक्षरापायी कितीतरी माणसं झुआरीच्या चुकीच्या बाजूला पोचली आहेत. मुंबईतही आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. परळच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्याने उतरतो कुठे हे पाहूनच भाडं तोलावं.

तुम्ही विचारता ते खरं दुखणं वेगळंच आहे, असं मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. ‘मी खास यादीत आहे, उपयोग शून्य.’ बारा वर्षं एका घरी जात राहिलात, आणि आता उंबऱ्यावर कोणी ओळखही दाखवत नाही, असं झालं आहे. मला हे कळतं. पूर्वी विमानात शिरताना गोळ्यांचं तबक पुढे यायचं, कानात घालायला कापूस मिळायचा. गोवा–मुंबई एवढ्याशा फेरीतही कागदाच्या डब्यात सँडविच यायचं. त्याला आपण पाहुणचार समजलो. तो भाड्यात धरलेला होता, आणि तेव्हाचं भाडं आपल्यातल्या फार थोड्यांना परवडायचं. माझ्या वडिलांना आयुष्यात विमानात बसायला मिळालं नाही. आज माझ्या कामवाल्या बाईची मुलगी परिचारिकेच्या परीक्षेला विमानाने जाऊन आली. भाडं उतरलं म्हणून सीट, खाणं, सामान वेगळं विकायला काढलं, इथवर माझी तक्रार नाही. गोळ्या गेल्या तर जाऊ देत.

पण वेळ पाळणं, खरं सांगणं आणि म्हाताऱ्या माणसाला खुर्ची देणं हे गोळ्यांच्या तबकात येत नाही. ते स्वस्त तिकिटातही असलंच पाहिजे, आणि तिथे घसरण झाली आहे. कारणं उघड आहेत. 2012 मध्ये किंगफिशर थांबली, 2019 मध्ये जेट, 2023 मध्ये गो फर्स्ट; 2024 च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आता देशातल्या दहातले जवळजवळ नऊ प्रवासी दोनच समूहांच्या विमानांत बसतात. तुम्ही रागावून एकीकडून उठलात तर जाणार दुसरीकडेच, हे दोघांनाही माहीत आहे. 2025 च्या डिसेंबरात काय झालं ते आठवा. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तास विश्रांती, रात्री उतरण्याच्या फेऱ्यांवर मर्यादा, हे नियम टप्प्याटप्प्याने येणार हे खूप आधीपासून ठरलेलं होतं. तरी सर्वांत मोठ्या कंपनीकडे माणसं कमी पडली, हजारो विमानं रद्द झाली, आणि सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. थकलेल्या वैमानिकाला विश्रांती मिळालीच पाहिजे. तिची किंमत प्रवाशाने विमानतळाच्या फरशीवर झोपून द्यावी लागली, हे मात्र कोणत्याही भाड्यात बसत नाही.

म्हणून तुमच्या त्या ‘खास’ यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिच्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. दर्जा टिकवायला गैरसोयीचं विमान घेऊ नका. साठलेले पॉइंट वापरून टाका. कंपनी विलीन झाली, योजना बदलली की त्यांचं मोल कंपनी ठरवते. वेळेला आणि विमानतळाला जे सोयीचं असेल ते तिकीट घ्या. दिवसाचं पहिलं विमान मिळत असेल तर तेच. आदल्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या वाट्याला कमी येतो, तुमच्या 8.25 च्या विमानाच्या वाट्याला दिवसभराचा येतो. वेब चेक-इनला प्रत्येक सीटपुढे रक्कम दिसली तरी पैसे देणं सक्तीचं नाही. एकट्याने जाताना सीट न निवडता पुढे जा, विमानतळावर जी मिळेल ती फुकट मिळते.

विमान सोडू का, याचं उत्तर: हैदराबादचं सोडू नका, मुंबईचं अर्धं सोडून बघा. फोंड्याहून मोपा दीड तास धरा, दोन तास आधी पोचायचं, सव्वा तास हवेत, मग मुंबईत बॅग आणि टॅक्सी. सहा तास सरळ जातात, तेही सगळं वेळेवर असेल तर. कोकणकन्या संध्याकाळी मडगावहून सुटते आणि पहाटे मुंबईत पोचवते. रात्री झोपून जाता, सकाळी दहाच्या मीटिंगला हजर राहता. पोटातला तो गोळा येतो का, हे एकदा असं जाऊन बघा.

आता त्या मुलीचं. माफी मागायची असेल तर तिला शोधत काउंटरवर जाऊन चार लोकांत मागू नका. तिला पुन्हा सगळ्यांच्या नजरेत उभं राहावं लागेल. तुमच्याकडे तारीख आणि विमानाचा नंबर आहे. भरपाईच्या ईमेलपासून वेगळं एक चार ओळींचं पत्र विमानतळावरच्या त्या कंपनीच्या स्टेशन मॅनेजरच्या नावे लिहा: त्या रात्री काउंटरवर असलेल्या कर्मचारी मुलीशी मी वाईट वागलो, तिची काही चूक नव्हती, तिच्या नोंदीत माझ्यामुळे काही लागलं असेल तर ते काढावं. लोकांनी शूटिंग केलं म्हणता, म्हणजे वर चौकशी झालेली असू शकते. ते पत्र तिच्या कामाला येईल. मला त्या गृहस्थांकडून असं काही आलं असतं तर मी ते जपून ठेवलं असतं.

आणि आई. डॉक्टरांकडे पुन्हा न्यायचंच आहे. विमानाने नेणार असाल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आणि दोन दिवस आधी फोन करून ती नोंद आहे ना याची खात्री करा. मुंबईत 2024 च्या फेब्रुवारीत खुर्ची कमी पडली म्हणून पत्नीबरोबर चालत निघालेले ऐंशी वर्षांचे एक प्रवासी कोसळून गेले, आणि डीजीसीएने कंपनीला 30 लाखांचा दंड केला. म्हणून काउंटरवर “बघतो” म्हणाले तर खुर्ची समोर येईपर्यंत आईला उठू देऊ नका. आवाज न चढवता, पण जागचं न हलता सांगा. तिथे ठाम राहिलात तर मला चालेल.

पण त्याआधी त्यांना विचारा, कशाने जायचं आहे. तुमच्या पत्रात विमान, डॉक्टर, काउंटर, तुम्ही, सगळ्यांचं म्हणणं आहे. त्यांचं एकच वाक्य आहे, आणि तेही त्या मुलीसाठी. कदाचित त्यांना गाडीची खालची बर्थ आणि घरचा डबा हवा असेल. कदाचित खिडकीजवळची सीट हवी असेल, आणि तेवढ्यापुरते सीटचे पैसे भरायला माझी हरकत नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यांच्याजवळ बसा आणि त्या रात्रीचं सुद्धा बोलून टाका. त्या गप्प आहेत त्या रागाने गप्प आहेत, असं मला वाटत नाही.

कंपनीचं लेखी उत्तर आलं की इथे पाठवा. शब्दन् शब्द वाचून पुढचं पत्र कसं लिहायचं ते सांगेन.

तुमची,
ताई